संगणकाला जोडण्यासाठी सुटसुटीत इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड: निवडताना काय पाहावे?

सोळामात्रा

नमस्कार. मी लॅपटॉपवर गाण्यांसाठी तालाचे ट्रॅक तयार करतो. आतापर्यंत हे काम माउसने ग्रिडमध्ये एकेक ठोका मांडून, किंवा मिडी (वाद्यावरचे स्वर-ठोके संगणकाला कळवणारी संदेशपद्धत) कीबोर्डच्या पट्ट्या दाबून चालले होते. साधा ठेका त्यातून उभा राहतो. पण स्नेअर या करकरीत आवाजाच्या ड्रमवरचे जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके, दोन ओळींमधला फिल म्हणजे जागा भरणारा तुकडा किंवा हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) मात्रेगणिक बदलणारा जोर या गोष्टी कीबोर्डवर हाताला येत नाहीत, आणि माउसने मांडल्या तर त्या मांडल्यासारख्याच ऐकू येतात. पूर्वी मी काही वर्षे ड्रम सेट वाजवलेला असल्यामुळे काठ्या धरण्याची सवय आहे. मात्र पूर्ण इलेक्ट्रॉनिक सेट ठेवण्याइतकी जागा नाही, आणि वाद्य लॅपटॉपबरोबर पाठीवरच्या पिशवीत नेता यावे अशी गरज आहे.

शोध घेतला तेव्हा चार तऱ्हेची उपकरणे दिसली: बोटांनी वाजवायचे सोळा चौकोनांचे लहान पॅड, काठ्यांनी वाजवायचे, आठ-नऊ भागांचे आणि आत स्वतःचे आवाज असलेले पॅड, स्पीकर आणि दोन पेडल असलेले टेबलावर ठेवायचे संच, आणि गुंडाळून ठेवता येणारे सिलिकॉनचे पॅड. माझे सगळे आवाज संगणकातूनच येणार आहेत. अशा वेळी आत आवाज असलेल्या महागड्या उपकरणाचा मला काही उपयोग आहे का? पॅडची संख्या किती असावी? यूएसबीने जोडल्यावर ठोका आणि आवाज यांच्यात अंतर पडते असे वाचले आहे, ते कितपत खरे आहे आणि त्याला पॅड जबाबदार असतो की संगणक? आणि पायाने किक म्हणजे मोठा ड्रम वाजवण्याची सोय नसेल तर वादन अपुरे वाटेल का?

तालमापक

आपण प्रश्न व्यवस्थित मांडला आहे, म्हणून उत्तरही थोडे सविस्तर देतो.

आवाज संगणकातून येणार असतील तर पॅडकडे ध्वनी निर्माण करणारे वाद्य म्हणून न पाहता मोजणारे यंत्र म्हणून पाहावे. आपण ठोका मारता तेव्हा पॅडने तीनच गोष्टी अचूक सांगायच्या असतात: कोणत्या भागावर ठोका पडला, केव्हा पडला आणि किती जोराने पडला. बाकी सगळे सॉफ्टवेअर करते. ही कल्पना नवी नाही. रोलँडने १९८५ मध्ये काढलेल्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये, म्हणजे पॅड-८ मध्ये, स्वतःचा एकही आवाज नव्हता. त्याचे आठ रबरी भाग फक्त मिडी संदेश पाठवत आणि आवाज दुसऱ्या यंत्रातून येई. त्यामुळे "आत पाचशे आवाज आणि पन्नास किट" अशा जाहिरातीने आपण भारावून जाण्याचे कारण नाही. पाहायचे ते खालचा संवेदक कसा आहे आणि त्याच्या सेटिंग आपल्या हातात किती आहेत.

काठ्यांच्या पॅडमध्ये सहसा पिझो चकती असते. ठोका पडला की ती क्षणभर विद्युतदाब निर्माण करते. उपकरणातील सर्किट त्या दाबाचे शिखर शोधण्यासाठी एखाद-दोन मिलिसेकंद थांबते, शिखराच्या उंचीवरून जोर ठरवते आणि त्यानंतर काही काळ त्या भागाकडे मुद्दाम दुर्लक्ष करते. चकतीचे कंपन लगेच थांबत नाही, आणि दुर्लक्ष केले नाही तर एका ठोक्याचे दोन ठोके नोंदले जातात. आता यातली ओढाताण लक्षात घ्या. दुर्लक्षाचा काळ वाढवला तर दुहेरी नोंदी थांबतात, पण जलद रोलमधले खरे ठोकेही गळतात. कमी केला तर रोल नीट उमटतो, पण जोरदार ठोक्यानंतर एक भूत-ठोका मागे येतो. हा काळ, किमान पातळी म्हणजे थ्रेशोल्ड, संवेदनशीलता आणि जोराचा आलेख या चार गोष्टी प्रत्येक भागासाठी वेगळ्या ठरवता येत असतील, तर साधारण दर्जाचा पॅडही आपल्या हाताशी जुळवून घेता येतो. त्या कारखान्यातच कायमच्या ठरवलेल्या असतील, तर उत्तम रबर असूनही उपयोग नाही.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. आठही भाग एकाच साच्यात बसवलेले असल्याने एका भागावर जोरात मारले की कंपन बाजूच्या भागापर्यंत जाते आणि तोही वाजल्याची नोंद होते. याला क्रॉसटॉक म्हणतात. उपकरण जितके लहान आणि हलके, तितका हा त्रास अधिक संभवतो, आणि आपल्याला तर लहान आणि हलकेच हवे आहे. म्हणून क्रॉसटॉक कमी करण्याची सेटिंग आहे की नाही, हे माहितीपुस्तिकेत आधी शोधावे. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिका संकेतस्थळावर मिळतात. खरेदीपूर्वी ती चाळणे हे दहा चित्रफिती पाहण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण चित्रफितीत वाजवणारा माणूस कुशल असतो आणि आवाज नंतर नीट केलेला असतो.

बोटांच्या पॅडची तऱ्हा वेगळी. त्यात बहुधा दाबानुसार विद्युतरोध बदलणारा थर असतो. तो फक्त ठोक्याचा क्षण टिपत नाही, तर बोट दाबून धरले तर त्याचाही दाब सतत सांगत राहतो. त्यामुळे झांज वाजवून लगेच हाताने दाबून थांबवण्याचा परिणाम किंवा दाब वाढवत नेऊन पुनरावृत्ती मोठी करणे अशा गोष्टी जमतात. पिझोला हे जमत नाही. मात्र या पॅडवर काठी कधीही चालवू नये. ते त्यासाठी बनवलेले नसतात.

पॅडच्या संख्येबद्दल: काठ्यांनी वाजवताना दोन हात एका क्षणी दोनच ठिकाणी पडतात. किक, स्नेअर, दोन टॉम (मधल्या आकाराचे ड्रम), बंद आणि उघडी हाय-हॅट, क्रॅश आणि राइड या मोठ्या झांजा मिळून आठ होतात, आणि बहुतेकांचे काम तेवढ्यात भागते. किक पायाने वाजवता आली तर एक भाग मोकळा होतो. संख्येपेक्षा प्रत्येक भागाचा आकार महत्त्वाचा आहे, कारण घाईत काठी कडेवर पडते आणि कडेवरचा ठोका मध्यभागासारखाच नोंदला जात नाही.

सिलिकॉनच्या गुंडाळ्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, त्यातल्या अनेकांना जोर कळतच नाही किंवा हलका आणि जोरदार एवढाच फरक कळतो. आपली मूळ तक्रारच जोराच्या छटांविषयी असल्याने तो पर्याय आपल्यासाठी नाही.

दोन_काठ्या

तालमापक यांच्या विवेचनाशी सहमत आहे, पण आतल्या आवाजांचा उपयोग नाही हा निष्कर्ष मला मान्य नाही. मी ज्या पद्धतीने काम करतो त्यात तो उपयोग मोठा आहे. हेडफोन पॅडलाच लावायचा, वाजवताना पॅडचा स्वतःचा आवाज ऐकायचा आणि यूएसबीतून फक्त मिडी संगणकात मुद्रित होऊ द्यायचे. वाजवून झाल्यावर त्या मिडीला सॉफ्टवेअरमधले चांगले आवाज द्यायचे. वाजवताना संगणकाच्या विलंबाचा प्रश्नच उरत नाही, कारण कानापर्यंत येणारा आवाज संगणकातून गेलेलाच नसतो. मुद्रित होत असलेले गाणे ऐकण्यासाठी पॅडला बाहेरचा आवाज आत घेण्याचे छिद्र असावे लागते. संगणकाच्या हेडफोनच्या जागेतून तिथे एक केबल जोडली की दोन्ही आवाज एकत्र ऐकू येतात. शिवाय लॅपटॉप न उघडता सराव करता येतो, आणि माझ्या अनुभवात संगणक सुरू करण्याच्या कंटाळ्यामुळे सराव बुडतो तितका दुसऱ्या कशानेही बुडत नाही.

या पद्धतीत एक गोष्ट सांभाळावी लागते. पॅडचा आणि सॉफ्टवेअरचा आवाज एकाच वेळी ऐकू आला तर प्रत्येक ठोका दुहेरी आणि फाटल्यासारखा भासतो. अशा वेळी उपकरणातील "लोकल कंट्रोल" (ठोक्याने पॅडचाच आवाज वाजवणारी सेटिंग) बंद करावे किंवा सॉफ्टवेअरमधील त्या ट्रॅकचे थेट ऐकणे बंद करावे. पुष्कळ लोक हा दोष पॅडचा समजतात.

नावे घ्यायची तर रोलँडचा एसपीडी-३० हा आठ भागांचा आणि एसपीडी-एसएक्स हा नऊ भागांचा आहे. दोन्ही भक्कम आहेत, दोन्हींना बाहेरचे पेडल व पॅड जोडता येतात, पण दोन्हींना वेगळा वीजपुरवठा लागतो आणि पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉपबरोबर ते बसतील असे मला वाटत नाही. अलेसिसचा सॅम्पलपॅड प्रो आठ भागांचा असून त्याला किक आणि हाय-हॅटचे पेडल जोडता येते. त्याचाच धाकटा भाऊ सॅम्पलपॅड ४ चार भागांचा आणि बराच सुटसुटीत आहे.

बोटांचा_ठेका

काठ्यांची सवय असलेल्या माणसाला सगळे काठ्यांकडेच ढकलतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सोळामात्रा, आपल्याला पिशवीत मावणारे आणि संगणकाच्याच आवाजावर चालणारे उपकरण हवे आहे. हे वर्णन बोटांच्या पॅडचे आहे. चार ओळींत चार असे सोळा चौकोन ही रचना १९८८ च्या आकाई एमपीसी ६० पासून रुळली आणि आज जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर तीच गृहीत धरून बनवलेले असते. एबलटन या संगीत-सॉफ्टवेअरमधील ड्रम रॅक सोळा चौकोनांचीच खिडकी दाखवतो. आकाई एमपीडी २१८ मध्ये सोळा पॅड आणि तीन बँका, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस जागा मिळतात. तो यूएसबीच्याच विजेवर चालतो आणि त्याला दाबही कळतो. कॉर्गचा नॅनोपॅड २ त्याहून सपाट आणि हलका आहे, त्यातही सोळाच पॅड आहेत, पण ते लहान व कडक असल्याने हलक्या ठोक्यांसाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

काठ्यांवर एकच ठोका एका वेळी एका हाताचा असतो. इथे अंगठा किकवर, तर्जनी स्नेअरवर आणि मधले बोट हाय-हॅटवर ठेवून एकाच हाताने पूर्ण ठेका चालवता येतो आणि दुसरा हात फिलसाठी मोकळा राहतो. पेडलचा प्रश्नही त्यामुळे सुटतो. आणि आवाजाचा त्रास नाही. काठीचा रबरावरचा टकटकाट भिंतीपलीकडे आणि टेबलाच्या पायांतून खालच्या मजल्यापर्यंत पोहोचतो, तो हेडफोन लावणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

सोळामात्रा

सर्वांचे आभार. बोटांचा पॅड मी एका परिचिताकडे थोडा वेळ वाजवून पाहिला आहे. ठेका चालला, पण दोन हातांनी आलटून पालटून पडणारे स्नेअरचे ठोके आणि काठीचा उसळून येणारा स्पर्श यांची उणीव फार जाणवली. मनगटाची सवय बोटांत उतरवायला वेळ लागेल आणि तो वेळ देण्याची माझी तयारी नाही, म्हणून मी काठ्यांकडेच झुकतो आहे. पण यूएसबीच्या विजेवर चालणारा, आत आवाज नसलेला आणि तरी काठ्यांनी वाजवता येणारा असा काही प्रकार आहे का? आणि विलंबाबद्दलचा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

तालमापक

आहे. कीथ मॅकमिलन इन्स्ट्रुमेंट्सचा बॉपपॅड हा दहा इंच व्यासाचा गोल पॅड आहे. त्यात आवाज नाहीत, तो यूएसबीवर चालतो आणि त्याचे चार भाग पडतात. त्यात पिझोऐवजी दाब ओळखणारे कापड वापरलेले असल्यामुळे ठोक्याचा जोर, केंद्रापासूनचे अंतर आणि नंतरचा दाब या तिन्ही गोष्टी तो पाठवतो. सराव-पॅडच्या आकाराचे वाद्य पिशवीत नेण्याच्या दृष्टीने आदर्श आहे. पण चार भागांवर पूर्ण ड्रम सेट मांडणे अवघड आहे. स्नेअर, टॉम आणि एखादी झांज एवढे ठेवून किक आणि हाय-हॅट दुसऱ्या फेरीत मुद्रित करायची तयारी असेल तरच तो घ्यावा. दोन फेऱ्यांत मुद्रण करणे कमीपणाचे नाही, पण पूर्ण सेट एकाच वेळी वाजवण्याचा अनुभव त्यात नाही हेही तितकेच खरे.

ध्वनिकक्ष

विलंबाविषयी मी लिहितो.

मिडी संदेश स्वतः फार लहान असतो. १९८३ च्या मूळ मानकानुसार पाच पिनांच्या केबलमधून तो सेकंदाला ३१,२५० बिट या गतीने जातो, आणि एका ठोक्याच्या तीन बाइटना जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. यूएसबीतून तो याहून कमी वेळात पोहोचतो. त्यात पॅडने शिखर शोधण्यासाठी घेतलेले एखाद-दोन मिलिसेकंद मिळवले तरी पॅडकडून होणारा विलंब एवढाच. खरा विलंब संगणकाच्या ध्वनी बफरमध्ये, म्हणजे आवाज बाहेर सोडण्यापूर्वी थोडा साठवण्याच्या जागेत असतो. ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० ध्वनी-नमुने असताना, १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६ आणि १०२४ म्हणजे २३.२ मिलिसेकंद. प्रत्यक्ष विलंब यापेक्षा काहीसा जास्त असतो, कारण ड्रायव्हर आणि ध्वनी रूपांतरक आपापला वाटा त्यात मिळवतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा वाद्य साडेतीन मीटर दूर ठेवून ऐकल्यासारखा असतो. एकूण विलंब दहाच्या आत असेल तर बहुतेक वादकांना तो खटकत नाही. वीसच्या पुढे गेला की हात नकळत अडखळू लागतात.

विलंब स्थिर असेल तर हात त्याला काही प्रमाणात सरावतात. त्याहून वाईट म्हणजे सतत कमीजास्त होणारा विलंब, कारण त्याला सरावता येत नाही. तसे होत असेल तर संगणकातील इतर प्रोग्रॅम बंद करून, वीज बचतीची सेटिंग काढून आणि पॅड मधल्या यूएसबी हबऐवजी थेट लॅपटॉपला जोडून पाहावे.

विंडोजवर नेहमीच्या ड्रायव्हरने बहुधा समाधानकारक परिणाम मिळत नाही. तिथे एएसआयओ हा कमी विलंबाचा ध्वनी ड्रायव्हर हवा. वेगळा ऑडिओ इंटरफेस (संगणकाला बाहेरून जोडायचे ध्वनी-उपकरण) असेल तर त्याच्याबरोबर तो मिळतो, नसेल तर एएसआयओ फॉर ऑल हा मोफत पर्याय लॅपटॉपच्या अंगभूत ध्वनीवर चालतो. मॅकवर कोअर ऑडिओ ही अंगभूत ध्वनीव्यवस्था मुळातच चांगली आहे. लिनक्सवर जॅक किंवा पाइपवायर वापरून बफर लहान ठेवता येतो. पॅडचे पैसे मोजताना साधा का होईना ऑडिओ इंटरफेसही हिशेबात धरावा असे मी सुचवेन. मध्यम दर्जाचा पॅड आणि चांगला इंटरफेस ही जोडी, उत्तम पॅड आणि लॅपटॉपचे अंगभूत ध्वनी यांच्यापेक्षा वाजवायला अधिक सुखद असते.

ब्लूटूथ हेडफोन मात्र पूर्णपणे विसरावेत. त्यांचा विलंब सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. चित्रपट पाहताना प्लेअर चित्र थोडे मागे सरकवून तो झाकतो, पण वाजवणाऱ्याच्या हाताला मागे सरकवण्याची सोय नाही.

आणखी एक. उपकरणावर "क्लास कंप्लायंट" असा उल्लेख आहे का ते पाहावे. यूएसबी मिडीचे सर्वसामान्य मानक १९९९ पासून आहे आणि ते पाळणाऱ्या उपकरणाला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कंपनीने उद्या लक्ष देणे थांबवले किंवा आपण संगणक बदलला, तरी ते चालत राहते. स्वतःचा ड्रायव्हर मागणाऱ्या एका जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर नव्या प्रणालीवर चालेनासा झाल्याने ते ठणठणीत असूनही माझ्याकडे कपाटात पडून आहे. ज्या पॅडना पडदा नसतो त्यांच्या सेटिंग संगणकावरील एडिटरमधून बदलाव्या लागतात. तो एडिटर आपल्या प्रणालीवर चालतो का, आणि बदललेल्या सेटिंग पॅडच्या स्मृतीत कायम राहतात का, हेही आधीच पाहून घ्यावे.

दोन_काठ्या

पेडलच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून सांगतो. उपकरणाच्या मागे जे छिद्र असते ते दोन तऱ्हेचे असू शकते आणि दोन्ही दिसायला सारखीच असतात. एक असते साध्या फूटस्विचसाठी. ते चालू आणि बंद एवढेच ओळखते, त्यामुळे किक प्रत्येक वेळी एकाच जोराने वाजते. दुसरे असते ट्रिगरसाठी. त्याला पिझो असलेला किक पॅड किंवा किक ट्रिगर पेडल जोडता येते आणि पायाचा जोर नोंदला जातो. टेबलावर ठेवायच्या संचांबरोबर येणारी चपटी पेडल बहुधा पहिल्या प्रकारची असतात. नृत्यसंगीतात एकसारखी किक चालून जाते, किंबहुना तीच हवी असते; पण संथ, मोकळ्या गाण्यात ती लगेच यांत्रिक वाटते.

हाय-हॅटबाबतही हाच भेद आहे. स्विच असेल तर उघडी आणि बंद अशा दोनच अवस्था मिळतात. सतत बदलणारे मूल्य पाठवणारे पेडल असेल तर ते मिडीच्या चौथ्या कंट्रोलरवर ० ते १२७ अशी आकडेवारी पाठवते आणि चांगले ड्रम सॉफ्टवेअर त्यावरून अर्धवट उघड्या हाय-हॅटचे वेगवेगळे आवाज काढते. आपण ड्रम सेट वाजवलेला आहे, त्यामुळे डावा पाय मोकळा राहिला तर आपल्याला चुकल्यासारखे होईल असा माझा अंदाज आहे.

सोळामात्रा

हे सर्व फारच उपयुक्त आहे. सॅम्पलपॅड प्रोच्या वर्गातील एखादा आठ भागांचा पॅड आणि ट्रिगर असलेले किक पेडल असा विचार आता पक्का होत आहे. पिशवी थोडी मोठी घ्यावी लागेल. एक शंका राहिली. पॅडच्या भागांना सॉफ्टवेअरमधले योग्य आवाज कसे जुळवायचे? माझ्या मिडी कीबोर्डवर ज्या पट्टीला एक सॉफ्टवेअर सी-१ म्हणते तिलाच दुसरे सी-२ म्हणते आणि माझा गोंधळ उडतो.

तालमापक

पट्टीच्या नावांकडे पाहू नका, क्रमांकाकडे पाहा. साठ क्रमांकाच्या स्वराला यामाहाच्या परंपरेत सी-३ आणि रोलँडच्या परंपरेत सी-४ म्हणतात, त्यामुळे नावे एक सप्तक पुढेमागे होतात. क्रमांक मात्र सर्वत्र एकच असतो. १९९१ च्या जनरल मिडी मानकात तालवाद्यांसाठी दहावा चॅनल राखून ठेवला आहे, आणि त्यात किक ३६, काठी कडेवर टेकवून वाजवलेला स्नेअर ३७, साधा स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पायाने मिटलेली हाय-हॅट ४४, उघडी ४६, क्रॅश ४९ आणि राइड ५१ असे क्रमांक आहेत. बहुतेक पॅड आणि बहुतेक ड्रम सॉफ्टवेअर निदान किक, स्नेअर आणि हाय-हॅटसाठी हेच पाळतात. टॉमच्या बाबतीत मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते.

जुळवणी पॅडमध्ये करावी की सॉफ्टवेअरमध्ये, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पॅड जनरल मिडीप्रमाणे ठेवावा आणि फरक असेल तो सॉफ्टवेअरमध्ये बदलावा. उलट केले तर प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरसाठी पॅडची सेटिंग बदलत बसावे लागते आणि जुने मुद्रित ट्रॅक भलत्याच आवाजांत वाजू लागतात.

सुरुवातीला मोफत आवाजांवर पॅड पारखून पाहता येईल. एमटी पॉवर ड्रम किट आणि स्टीव्हन स्लेट ड्रम्सची मोफत आवृत्ती हे दोन्ही चांगले आहेत, आणि लिनक्सवर हायड्रोजन व ड्रमगिझ्मो आहेत. एकाच जोराच्या ठोक्यासाठी आळीपाळीने वेगवेगळे मुद्रित नमुने वाजवणारे सॉफ्टवेअर निवडावे. ते नसेल तर जलद रोल यंत्रासारखा एकसुरी ऐकू येतो आणि दोष विनाकारण पॅडवर येतो.

ध्वनिकक्ष

खरेदीपूर्वी पॅड हाताळून पाहण्याची संधी मिळणार असेल तर आपला लॅपटॉप आणि आपल्याच काठ्या बरोबर न्या, आणि आवाज ऐकून मत बनवण्याऐवजी आकडे पाहा. येणारे मिडी संदेश दाखवणारे मोफत प्रोग्रॅम आहेत. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर आणि लिनक्सवर एसिकडम्प. जोराचा आकडा १ ते १२७ असतो.

एका भागावर अगदी हलक्या ठोक्यापासून सुरू करून हळूहळू जोर वाढवत न्या. आकडे पायरीपायरीने चढले पाहिजेत. मध्येच वीस-तीसने उडी मारत असतील किंवा निम्म्या जोरातच १२७ ला टेकून बसत असतील, तर जोराचा आलेख बदलून पाहा. तरीही सुधारणा न झाल्यास तो पॅड सोडून द्या. सर्वांत हलका ठोका कोणत्या आकड्याला नोंदला जातो तेही पाहा. तो तीस-चाळीसच्या खाली येतच नसेल तर आपल्याला हवे असलेले स्नेअरचे कुजबुजते ठोके मिळणार नाहीत. नंतर एकाच भागावर पूर्ण जोराने मारा आणि इतर कोणत्या भागाचा संदेश येतो का ते पाहा. किकचा पॅड जोडलेला असेल तर तो दाबतानाही हेच पाहा, कारण स्टँडमधून चढणारे कंपन वरच्या पॅडपर्यंत जाते. शेवटी दोन्ही हातांनी शक्य तितका जलद रोल वाजवून तो मुद्रित करा आणि ग्रिडमध्ये मोठा करून पाहा. गळालेला ठोका मोकळ्या जागेसारखा दिसतो आणि दुहेरी नोंद दोन चिकटलेल्या रेघांसारखी.

हे करताना पॅड ज्या तऱ्हेने आपण वापरणार आहात त्याच तऱ्हेने ठेवलेला असावा. टेबलावर ठेवलेला पॅड आणि स्टँडवर घट्ट बसवलेला पॅड यांचे आकडे वेगळे येतात. टेबलावरच वापरणार असाल तर खाली जाड रबरी चटई घाला. त्याने क्रॉसटॉकही कमी होतो आणि खालच्या मजल्यावर जाणारा टकटकाटही.

सोळामात्रा

स्टँडवरच बसवण्याचा विचार आहे. साध्या स्नेअर स्टँडच्या तीन हातांत हा चौकोनी पॅड बसतो का, की कंपनीचाच स्टँड घ्यावा लागतो?

दोन_काठ्या

स्नेअर स्टँडमध्ये लहान पॅड बसतात, पण हात रबराच्या कडेला टेकले तर त्या भागाची संवेदना बिघडते आणि जोरात वाजवताना पॅड सरकतो. पाठीमागे पट्टी बसवण्यासाठी स्क्रूची छिद्रे आहेत का ते पाहा. असतील तर त्या मापाची पट्टी आणि पकड वेगळी मिळते, आणि मग कोणत्याही भक्कम उभ्या स्टँडवर पॅड बसवता येतो. छिद्रांमधील अंतर माहितीपुस्तिकेत दिलेले असते; पट्टी मागवण्याआधी ते मोजून खात्री करून घ्या, कारण सगळ्या कंपन्यांचे अंतर एकच नसते. पिशवीत नेताना पट्टी पॅडलाच राहू द्यावी. ती पुन्हा पुन्हा काढली तर प्लॅस्टिकमधले आटे झिजतात.